बायोलॉजी करायचंय ना, मग आधी केमिस्ट्रीचा वर्ग पकडा

प्रश्न: ताई, आम्ही फ्रीमाँटला राहतो. लेक यंदा हायस्कूल पास झाली. बायोलॉजीच करायचं हे तिचं नववीपासून ठरलेलं. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, डेव्हिस, अर्व्हाइन, सॅन डिएगो या तिन्ही कॅम्पसकडून नकार आला. मर्सेडला मिळतंय, आणि बाहेरच्या राज्यात एका खासगी युनिव्हर्सिटीत मिळतंय पण तिथला वर्षाचा खर्च बघून हे गप्पच झाले. लेकीने स्वतःच ठरवलंय की इथल्या ओलोनी या कम्युनिटी कॉलेजला जाते आणि दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेते. मला रात्री झोप लागत नाही. सासूबाई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर विचारतात नात कुठल्या युनिव्हर्सिटीत गेली, मी म्हणते ठरतंय अजून. मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की सगळ्यांची मुलं बर्कली नाहीतर यूसीएलए. त्यात आम्ही एच-वन (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोर (त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचा व्हिसा) वाले, ग्रीन कार्डची रांग तुम्हाला माहीतच आहे. तिला पुढे मेडिकलला जायचंय. ती चूक करतेय का? आणि अजून एक, आम्ही शाकाहारी आहोत, तिथे प्राणी कापावे लागतात का? – एक आई

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी उत्तर देते मग बाकीचं बोलू. नाही, तुमची लेक चूक करत नाहीये. पण हा रस्ता सोपा आहे असंही समजू नका. बायोलॉजीवाल्यांसाठी तर तो बराच काटेकोर आहे, आणि तिथे मुलं कुठे अडकतात ते मला रोज दिसतं कारण मी इथल्याच एका कम्युनिटी कॉलेजात बायोलॉजीची लॅब शिकवते. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, लेकीलाही वाचायला द्या.

पहिलं म्हणजे हा मागच्या दाराचा वगैरे प्रकार नाहीये. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला तेव्हाच हे मुद्दाम ठरवून ठेवलं होतं, की पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करून मग यूसीला किंवा सीएसयूला, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला, जायचं आणि अशा मुलांसाठी जागा ठेवायच्या. आज राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. यूसीचं धोरणच आहे की फर्स्ट इयरला दोन मुलं घेतली तर एक ट्रान्सफरवाला घ्यायचा. आणि डिग्री हातात येते ती यूसी डेव्हिसची किंवा जिथे जाईल तिथली, त्या सर्टिफिकेटवर कुठेही लिहिलेलं नसतं की ही बाई पहिली दोन वर्षं ओलोनीला होती. क्रेग व्हेंटरचं नाव लेकीला माहीत असेल, त्यांच्या कंपनीने आणि सरकारी ह्युमन जीनोम प्रोजेक्टने २००० साली मानवी जीनोमचा पहिला मसुदा जाहीर केला. ते व्हिएतनामहून परत आल्यावर कॉलेज ऑफ सॅन मटेओला गेले, म्हणजे तुमच्याकडून खाडीवरचा पूल ओलांडला की पलीकडे, तेही कम्युनिटी कॉलेजच. तिथून यूसी सॅन डिएगोला ट्रान्सफर, १९७२ ला बायोकेमिस्ट्रीची डिग्री, १९७५ ला पीएचडी.

मर्सेडबद्दल पण बोलायला हवं, कारण तुम्ही ते एका ओळीत उडवून लावलंत. मर्सेड हा यूसीचा सगळ्यात नवा कॅम्पस आहे, २००५ ला सुरू झाला, नवा आहे म्हणून लोक नाक मुरडतात पण डिग्री यूसीचीच. लेकीला घराबाहेर राहायचं असेल आणि तिथे मनापासून चार वर्षं काढायची तयारी असेल तर जरूर जावं. पण "आधी मर्सेडला जाते मग डेव्हिसला उडी मारते" असा विचार असेल तर नको, कारण ट्रान्सफर घेताना यूसी कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना आधी प्राधान्य देते, दुसऱ्या यूसीतून येणाऱ्यांचा नंबर त्यांच्या मागे. डेव्हिस किंवा सॅन डिएगोच हवं असेल तर ओलोनीचा रस्ता जास्त सरळ आहे.

आता शिक्षणाचं. पहिल्या दोन वर्षांत बायोलॉजीच्या मुलीला काय शिकायचं असतं? जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, कॅल्क्युलस, फिजिक्स, आणि मेजरवाल्यांची, म्हणजे तोच मुख्य विषय असणाऱ्यांची, बायोलॉजी, त्यात सेल, मॉलिक्युलर, जेनेटिक्स, इव्होल्यूशन, इकॉलॉजी, प्राणी-वनस्पतींची रचना. हे सगळीकडे तेच आहे, पुस्तकंही बऱ्याचदा तीच. फरक आहे तो वर्गाचा. मोठ्या यूसीत जनरल केमिस्ट्रीच्या लेक्चरला तीनतीनशे मुलं बसतात आणि लॅब पीएचडी करणारी मुलं घेतात. आमच्याकडे लॅबला वीस-चोवीस जण असतात आणि बहुतेक ठिकाणी लेक्चर घेणारीच व्यक्ती लॅबलाही उभी असते.

मागच्या सेमिस्टरला जेल इलेक्ट्रोफोरेसिस चालू होतं, डीएनएचे तुकडे जेलमधून पळवतात ते. एक मुलगी पिपेटने विहिरीत, म्हणजे जेलला छोटे खाचे असतात त्यात, सॅम्पल सोडत होती आणि टोक इतकं खाली दाबत होती की जेलच फुटत होती आणि निळा रंग खाली पसरत होता. मी तिच्या मागे उभी राहिले, म्हटलं कोपर टेबलावर टेकव, दुसऱ्या हाताने पिपेटला आधार दे, टोक खाचेच्या तोंडाशीच ठेव, सॅम्पलमध्ये ग्लिसरॉल आहे ते जड असतं ते आपोआप खाली बसेल. तिसऱ्या खाचेपासून तिचा हात बसला. तिच्या शेजारच्या टेबलावर एक चाळिशीतले गृहस्थ होते, रात्रपाळी करून थेट लॅबला येणारे, त्यांनी तिची उरलेली जेल बघून स्वतःचा हात सुधारला. हे असं शिक्षण पहिल्या वर्षाला मिळणं फार मोठी गोष्ट आहे ताई, पुढे यूसीत एखाद्या प्रोफेसरच्या रिसर्च लॅबमध्ये जागा मागायला गेल्यावर हाच हात कामाला येतो.

आता मुख्य मुद्दा, जो मला सगळ्यात कळकळीने सांगायचाय. बायोलॉजीची ट्रान्सफर बायोलॉजीमुळे लांबत नाही, केमिस्ट्रीमुळे लांबते. कसं ते बघा. जनरल केमिस्ट्रीचे दोन सेमिस्टर, ते झाल्याशिवाय ऑरगॅनिकला बसता येत नाही, आणि ऑरगॅनिकचे परत दोन. झाले चार सेमिस्टर, म्हणजे बरोबर दोन वर्षं, मध्ये एक दिवसाची सुद्धा मोकळीक नाही. बऱ्याच कॉलेजांत मेजरवाल्यांच्या बायोलॉजीला बसायलाच जनरल केमिस्ट्री झालेली किंवा चालू असलेली लागते. आणि ऑरगॅनिकचा पहिला भाग अनेक ठिकाणी फक्त फॉलला (ऑगस्टच्या सेमिस्टरला) असतो, दुसरा फक्त स्प्रिंगला (जानेवारीच्या). आता समजा लेकीने पहिल्या फॉलला विचार केला की आधी सोपे विषय घेऊ, इंग्लिश, सायकॉलॉजी, जरा रुळू, केमिस्ट्री जानेवारीत बघू. गेलं ना एक वर्ष! जनरलचा दुसरा भाग समरला मिळाला तर वाचली, नाहीतर ऑरगॅनिकचा फॉल चुकला आणि दोनाची तीन वर्षं झाली. अशी हुशार मुलं मी खूप बघितलीत, तिसऱ्या वर्षीही त्याच पार्किंग लॉटमध्ये भेटतात, तोंड उतरलेलं असतं, आणि घरचे म्हणतात बघा आम्ही सांगत होतो. कॉलेजचा दोष नसतो, पोरांचाही फारसा नसतो, त्यांना हे पहिल्या महिन्यात कोणी सांगितलेलं नसतं इतकंच.

म्हणून पहिल्या फॉलला जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग, कॅल्क्युलस आणि इंग्लिश. स्प्रिंगला केमिस्ट्रीचा दुसरा भाग आणि बायोलॉजी सुरू. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक, बायोलॉजीचा पुढचा भाग आणि फिजिक्स. इकडेतिकडे थोडं सरकेल पण केमिस्ट्रीची साखळी तुटता कामा नये. हायस्कूलला प्रीकॅल्क्युलस आणि केमिस्ट्री चांगली झाली असेल तर प्लेसमेंट, म्हणजे कुठल्या पातळीच्या वर्गात बसायचं ते, लगेच करून घ्या, नाहीतर तिला एक पायरी खालच्या वर्गात बसवतील आणि तिथेच एक सेमिस्टर जाईल. एपी केमिस्ट्रीला, म्हणजे हायस्कूलमधल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयाला, चांगले मार्क असतील तरी माझं मत असं आहे की मेडिकलचं डोक्यात असेल तर जनरल केमिस्ट्री कॉलेजातच करावी. ऑरगॅनिकला पाया तोच लागतो, आणि काही मेडिकल कॉलेजं एपीचं क्रेडिट मानत नाहीत.

आणि वर्ग मिळणं हीच एक लढाई असते बरं का. लॅबमध्ये टेबलं मोजकी त्यामुळे जागा मोजक्या, आणि नव्या मुलांची रजिस्ट्रेशनची तारीख जुन्यांच्या नंतर येते. त्यातल्या त्यात लवकरची तारीख हवी असेल तर ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन आधी पूर्ण करावा लागतो, ते या आठवड्यातच उरकून टाका. तरी वर्ग भरला तर वेटलिस्टला नाव घालायचं आणि पहिल्या दिवशी, अगदी पहिल्याच दिवशी, वेळेआधी जाऊन बसायचं. जी मुलं पहिल्या दिवशी येत नाहीत त्यांना आम्ही काढून टाकतो आणि त्यांच्या जागेचा ऍड कोड, म्हणजे वर्गात नाव घालायचा नंबर, समोर बसलेल्या वेटलिस्टवाल्यांना देतो. पुष्कळ पोरं वेटलिस्टचा नंबर बघूनच घरी बसतात, तसं करू नका. जवळच्या दुसऱ्या कॉलेजातही बघा, हेवर्डला चाबो आहे, सॅन होजेला एव्हरग्रीन व्हॅली आहे. फक्त एक लक्षात ठेवा, ओलोनी सेमिस्टरवर चालतं आणि डी अँझा, फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे त्याहून छोट्या सत्रांवर. केमिस्ट्रीचा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे केला तर अभ्यासक्रम जुळत नाही, मध्ये काहीतरी सुटतं नाहीतर दोनदा होतं, आणि यूसीवालेही पूर्ण मालिका एकाच कॉलेजात करा असं सांगतात. मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवायची.

कुठला विषय कुठल्या यूसीत चालतो ते असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर दिसतं, ती राज्याची अधिकृत साइट आहे. तिथे ओलोनी निवडायचं, मग समोर यूसी डेव्हिस, मग मेजर, की समोरासमोर यादी येते. हे प्रत्येक कॅम्पससाठी वेगवेगळं करायचं, कारण एकाला फिजिक्स आधी लागतं एकाला नाही, एकाला ऑरगॅनिक पूर्ण लागतं एकाला अर्धं चालतं. नावं फसवी असतात त्याकडे बघा. "इंट्रोडक्शन टू बायोलॉजी" नावाचा एक वर्ग जवळपास सगळीकडे असतो, तो इतर मेजरच्या मुलांसाठी, युनिट मिळतात पण बायोलॉजी मेजरला तो धरत नाहीत. तसंच नर्सिंगवाल्यांची ऍनाटॉमी-फिजिऑलॉजी. छान विषय आहेत, पण तिची जागा तिथे नाही. जनरल एज्युकेशनचा जो ठरलेला पॅटर्न आहे, २०२५ च्या फॉलपासून त्याचं नाव कॅल-जेटसी झालंय, तो पूर्ण करायच्या नादात सायन्सवाल्यांनी लागू नये असं स्वतः यूसीच सांगते, आधी मेजरचे विषय, इंग्लिशचे दोन वर्ग ठेवा आणि बाकीचे एकदोन मध्येमध्ये घाला. काउन्सेलरला भेटायला जाताना असिस्टची यादी प्रिंट काढून न्यायची. काउन्सेलर चांगले असतात पण त्यांच्यापुढे शेकडो मुलं असतात, आपली यादी आपण बघितलेली बरी.

आता वेळेचा हिशोब, जो ऐकून बहुतेक आईबाप दचकतात. यूसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातो. म्हणजे अर्ज जाताना तिच्या हातात ग्रेड असतात ते फक्त पहिल्या वर्षाचे, फारतर समरचे. दुसऱ्या फॉलचे ग्रेड जानेवारीत अपडेट करायचे असतात. म्हणजे हा पहिलाच फॉल, जो आत्ता ऑगस्टला सुरू होतोय, तो तिच्या अर्जाचा जवळपास अर्धा भाग आहे. "आत्ताच तर लागली, रुळू दे" याला इथे जागा नाही. एखादा विषय हाताबाहेर जातोय असं वाटलं तर विथड्रॉची शेवटची तारीख असते ती कॅलेंडरला लावून ठेवा, विषय सोडल्याचा डब्ल्यू लागला तर एकवेळ परवडतो पण डी ग्रेड नको. आणि सी मिळाला की तो विषय परत करता येत नाही, तो तसाच राहतो, त्यामुळे "होऊ दे सी, नंतर सुधारू" हेही नाही. ट्रान्सफरला यूसी कमीतकमी २.४ जीपीए (चारपैकी ग्रेडची सरासरी) मागते पण त्या आकड्याकडे बघूच नका, बायोलॉजीला स्पर्धा आहे आणि केमिस्ट्री-गणिताचे ग्रेड वेगळे काढून बघतात.

एक चांगली सोय आहे ती म्हणजे टॅग, ट्रान्सफर ऍडमिशन गॅरंटी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस ती देतात, यातला एकच निवडायचा, अटी पूर्ण केल्या तर प्रवेश पक्का. फॉर्म दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये भरायचा, १ ते ३० तारखेत, आणि त्यानंतर नेहमीचा अर्जही भरावाच लागतो, टॅग केला म्हणून अर्ज विसरलेली मुलं असतात. कॅम्पसप्रमाणे आणि मेजरप्रमाणे जीपीएची अट बदलते, काही मेजर टॅगमध्ये नसतातही, तेव्हा त्या वर्षीचं पत्रक बघायचं. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो टॅग देत नाहीत. म्हणजे डेव्हिसला टॅग करायचा आणि सॅन डिएगोला साधा अर्ज, असं दोन्ही चालतं. सॅन होजे स्टेटसारख्या सीएसयूचाही अर्ज टाकून ठेवावा, तिथलं बायोलॉजी डिपार्टमेंट चांगलं आहे आणि घरून जाता येतं.

पैशाचं तुम्हाला कळतंच, थोडक्यात सांगते. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर. सेमिस्टरला १५ युनिट घेतले तर ६९० डॉलर, वर किरकोळ फिया आणि पुस्तकं. यूसीत नुसती ट्यूशन वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास आणि राहणं-खाणं धरलं की चाळीस हजारांच्या वर.

पण यात "रहिवासी" हा शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. एच-फोरवरच्या मुलांना कॅलिफोर्नियात रेसिडेन्सी मिळू शकते, एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिल्याचे पुरावे लागतात, तुमचे टॅक्स रिटर्न, घराचं लीज, तिचे शाळेचे कागद. ऍडमिशन ऑफिसात कधीकधी समोरचा माणूस व्हिसा बघून सरळ नॉन-रेसिडेंट टाकतो आणि मग फी कितीतरी पटीने येते. तसं झालं तर शांतपणे फेरतपासणी मागायची, कागद द्यायचे. पुढे यूसी हे परत स्वतंत्रपणे तपासते, म्हणून सगळे कागद एका फाइलीत ठेवा. एच-फोरवर पगारी काम करता येत नाही आणि फेडरल मदतही मिळत नाही, हे लेकीला माहीत असेलच.

खरी तारीख आहे तिचा एकविसावा वाढदिवस. त्या दिवशी ती तुमच्या व्हिसावरून उतरते, आणि हिशोबाने ती तेव्हा यूसीत तिसऱ्या वर्षाला असेल. त्याआधी एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जायला लागेल, अर्ज काही महिने आधी करावा लागतो, आणि एफ-वन झाल्यावर ट्यूशनसाठीची रेसिडेन्सी बदलू शकते. यूसीत नॉन-रेसिडेंट म्हणजे वर्षाला आणखी तीस हजारांच्या वर, मग सगळंच गणित फिरतं. यावर इमिग्रेशनच्या वकिलाशी आत्ताच एकदा बसा, तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख, घेऊन, आणि ज्या कॅम्पसचा विचार आहे तिथल्या रेसिडेन्सी ऑफिसलाही लेखी विचारा. कम्युनिटी कॉलेजात वाचलेले पैसे याच दोन वर्षांसाठी बाजूला ठेवा असं मी म्हणेन. आणि म्हणूनही मला वाटतं की दोनाची तीन वर्षं होणं इतरांना परवडेल, तुमच्या लेकीला परवडणार नाही.

मेडिकलचं. कम्युनिटी कॉलेजला गेली म्हणून एमडीचा दरवाजा बंद होत नाही. पण मेडिकलच्या अर्जात आयुष्यात कुठल्याही कॉलेजात घेतलेला प्रत्येक विषय मोजतात, ओलोनीचेही सगळे ग्रेड तिथे दिसणार. काही मेडिकल कॉलेजांना वाटतं की अवघड विषय चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत केलेले असावेत, तर त्याचा उपाय असा की यूसीत गेल्यावर बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, फिजिऑलॉजी हे वरचे विषय घ्यायचे आणि त्यात चांगलं करून दाखवायचं, म्हणजे शंका राहत नाही. खरी अडचण वेगळी आहे, ग्रीन कार्ड नसेल तर बरीच मेडिकल कॉलेजं अर्जच घेत नाहीत, घेतात ती मोजकी, आणि कर्जही अवघड. हे तिला आत्ता स्पष्ट सांगा. खचवायला नाही, तिला बाकीची दारंही बघता यावीत म्हणून. बे एरियात बायोलॉजीवाल्यांना काम कमी नाही, साउथ सॅन फ्रान्सिस्कोत १९७६ ला जेनेनटेक सुरू झाली तेव्हापासून हा सगळा भाग बायोटेकचा झालाय. एफ-वनवर डिग्री झाली की एक वर्ष ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, आणि सायन्सवाल्यांना वर दोन वर्षं वाढवून, म्हणजे तीन वर्षं काम करता येतं, तेवढ्यात बरंच काही बदलू शकतं.

आता घराबद्दल, रागावू नका. मुलगी घरी राहून शिकते तेव्हा सगळ्यांना वाटतं की ती घरीच आहे. धाकट्याला शाळेतून आण, आजी-आजोबा आलेत त्यांना मॉलला ने, पाहुणे आहेत जरा पोळ्या लाट. केमिस्ट्रीचा पाच युनिटचा वर्ग म्हणजे आठवड्याला तीन तास लेक्चर आणि सहा तास लॅब, असे दोन सायन्सचे वर्ग घेतले की अठरा तास नुसते वर्गात, वर कॅल्क्युलस, वर लॅब रिपोर्ट. डेव्हिसच्या होस्टेलला असती तर तिला कोणी पोळ्या लाटायला बोलावलं नसतं. तेव्हा पहिलं वर्ष तिला होस्टेलला आहे असं समजून वागवा, शक्य असेल तर संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या लायब्ररीतच बसू द्या. आणि तिच्या मैत्रिणी ऑगस्टला बाहेरगावी जातील, डॉर्मचे फोटो टाकतील, तेव्हा तिला एकटं वाटणार, फार वाटणार. कम्युनिटी कॉलेजात मुलं वर्ग संपला की गाडी काढून निघून जातात, मैत्री आपोआप होत नाही. केमिस्ट्रीच्या वर्गातल्या दोघीतिघींना पकडून स्टडी ग्रुप करायला सांगा, घरी बोलवायला सांगा, चहा-पोहे तुम्ही करा. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना जायला सांगा, तिथे गर्दी नसते, आम्ही वाट बघत बसलेले असतो.

सासूबाईंना काय सांगायचं? जे आहे ते सांगा. सांगलीत डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला गेलेली मुलं त्यांच्या ओळखीत असणारच, तसंच आहे हे, फक्त इथे डायरेक्ट थर्ड इयर. पाच मिनिटांत समजेल त्यांना. ताई, तुम्ही "ठरतंय अजून" म्हणता तेव्हा लेक बाजूच्या खोलीत असते आणि तिला ऐकू येतं. अठराव्या वर्षी तीन नकार आल्यावर रडत न बसता, आईवडिलांच्या पैशाचा विचार करून, स्वतः माहिती काढून तिने एक रस्ता शोधलाय. पुढच्या कॉलला फोन तिच्या हातात द्या आणि तिलाच सांगू द्या आजीला. मंडळातल्या लोकांचं म्हणाल तर त्यांच्यातल्या किती जणांची मोठी मुलं डी अँझातून गेलीत हे विचारून बघा, फक्त कोणी आपणहून सांगत नाही.

प्राणी कापण्याचं. मेजरवाल्यांच्या बायोलॉजीत प्राण्यांच्या रचनेचा जो भाग असतो त्यात डिसेक्शन बहुतेक ठिकाणी असतं, गांडूळ, स्क्विड, कधी डुकराचं न जन्मलेलं पिल्लू, सगळं प्रिझर्व्ह केलेलं. कॅलिफोर्नियात शाळेतल्या मुलांना याला नकार द्यायचा कायद्याने हक्क आहे पण तो बारावीपर्यंतच, कॉलेजला लागू नाही, त्यामुळे ते त्या त्या शिक्षकावर असतं. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी किंवा पहिल्या आठवड्यात तिने स्वतः ईमेल करून विचारावं, लॅबच्या दिवशी दारात उभं राहून नको. मॉडेल किंवा सॉफ्टवेअरवर करू देणारे शिक्षक आहेत, ग्रुपमध्ये दुसऱ्याने कापायचं आणि हिने नोंदी घ्यायच्या असंही मी करू देते, पण परीक्षेत अवयव ओळखावे लागतातच. आणि एकदा तिलाही विचारा हो, हा प्रश्न तिचा आहे का तुमचा. माझ्याकडे कडक शाकाहारी घरातल्या मुली येतात, त्यातल्या काही दुसऱ्या लॅबपासूनच स्वतःहून स्कॅल्पेल मागतात.